गोमंतकातील विवाहपूर्व करार

लग्न ठरविताना देणेघेणे, दागिने, मानपान यांची बोलणी तासन्‌तास चालतात. परंतु लग्नानंतर घर कोणाचे आणि शेत कोणाचे, हा प्रश्न अशुभ मानून टाळला जातो. गोमंतकात तो टाळला, तरी कायदा त्याचे उत्तर देऊन मोकळा होतो.

या कायद्याचे मूळ व्हिस्काउंट सेआब्रा यांनी रचलेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. ती १८७० पासून गोमंतकात अमलात आली. वधूवरांनी विवाहापूर्वी काही ठरविले नसेल, तर तिच्याप्रमाणे दोघांची मालमत्ता, मग ती आधीची असो, वारशाची असो वा पुढे मिळविलेली असो, सामाईक होते व प्रत्येकाचा वाटा निम्मा. त्याच काळी मुंबई इलाख्यातील हिंदू पत्नीला पतीच्या हयातीत त्याच्या मालमत्तेत असा वाटा नव्हता.

अर्थात हा वाटा कागदावर दिसतो तितका भारदस्त नव्हता. कारभार संहितेने पतीच्याच हाती ठेवला. पत्नीच्या संमतीवाचून त्याला स्थावर विकता येत नसे, हाच काय तो लगाम; पण तो लहान नव्हे. विक्रीखतावर दोघांच्या सह्या घेण्याची गोमंतकी रीत त्यातूनच आली.

ही सामाईकी नको असणारांना संहितेने वाट ठेवली. मालमत्ता सर्वस्वी विभक्त राखावी, केवळ लग्नानंतरची कमाई सामाईक करावी, अथवा हुंड्याची निराळी व्यवस्था लावावी. पहिल्या विवाहाची मुले असलेला विधुर, जोखमीचा व्यापार करणारा गृहस्थ, वडिलांचे घर जिच्या एकटीकडे यायचे ती मुलगी, यांना असा विचार करण्यास सबळ कारण असते. त्यात अविश्वास शोधणे अन्यायाचे होईल. मात्र करार नोटरीपुढे सार्वजनिक दस्ताने व्हावा लागतो, तोही विवाहापूर्वी. लग्न लागल्यावर तो बदलता येत नाही. सासरच्या दडपणापासून पत्नीला राखणारे हे कलम खरे. पण संसाराचा अनुभव नसलेल्या वधूला ते जन्मभर बांधूनही टाकते.

१९६१ साली पोर्तुगीज सत्ता गेली, तरी १९६२ च्या कायद्याने जुने कायदे चालू ठेवले. खुद्द पोर्तुगालने ही संहिता १९६७ मध्ये बाजूला सारली. गोमंतकात तिचा विवाहविषयक भाग आजही चालतो, आणि सामाईक मालमत्तेच्या दांपत्याचे घरभाडे आयकरासाठी दोघांत निम्मे विभागले जाते. पगार मात्र ज्याचा त्याच्याच नावे धरतात.