जबलपूर पर्यटन : नर्मदेचे पाणी पाहूनच आखावा प्रवासाचा बेत

जबलपूर : नर्मदेच्या उत्तर तीरावर वसलेले जबलपूर हे मध्य प्रदेशातील प्रमुख पर्यटनस्थळ असून महाराष्ट्रातून, विशेषतः विदर्भातून, येथे येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. तथापि, भेडाघाटचा नौकाविहार, धुवांधार धबधबा आणि नर्मदेचे घाट ही येथील मुख्य आकर्षणे पूर्णतः नदीच्या पाण्यावर अवलंबून आहेत. त्यामुळे सुट्टी कधी मिळते यापेक्षा नदीला पाणी किती आहे, हा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

योग्य काळ कोणता?

ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंतचा काळ जबलपूरसाठी सर्वांत सोयीचा मानला जातो. या दिवसांत पाणी निवळलेले असते, हवा आल्हाददायक असते आणि भेडाघाट येथे नावा चालतात. एप्रिल-मे महिन्यांतही नौकाविहार होतो. मात्र मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या वर जात असल्याने दुपारी बाहेर पडणे टाळावे.

पावसाळ्यात साधारणतः जूनच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भेडाघाटचा नौकाविहार बंद ठेवला जातो. पावसाळ्यात धबधबा अधिक भव्य दिसेल, अशी अनेकांची समजूत असते. नर्मदेला मोठा पूर आला की मात्र उलट घडते. खालच्या अरुंद घळीत पाणी तुंबते, वरचा आणि खालचा प्रवाह जवळजवळ एका पातळीवर येतो आणि धबधबाच दिसेनासा होतो. ज्यांना तुषारांचा धूर पाहावयाचा आहे, त्यांनी पावसाळा सरल्यानंतर यावे.

आणखी एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. शहराच्या वरच्या अंगाला नर्मदेवर बरगी धरण आहे. धरणाची दारे उघडली की शहरात पाऊस नसतानाही घाटांवरील पाणी वाढते. म्हणून पावसाळ्यात निघण्यापूर्वी धरणातील विसर्गाची माहिती घ्यावी.

कसे पोहोचावे?

मुंबईहून इटारसीमार्गे जबलपूरचे अंतर सुमारे एक हजार किलोमीटर आहे. १८७० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि ईस्ट इंडियन या दोन रेल्वे जबलपुरात एकमेकींना मिळाल्या आणि मुंबई-कोलकाता हा लोहमार्ग पूर्ण झाला. मुंबईहून प्रयागराज, वाराणसीकडे जाणाऱ्या अनेक गाड्या आजही येथे थांबतात. नागपूरहून सिवनी-लखनादोनमार्गे रस्त्याने अंतर सुमारे २७० किलोमीटर आहे. गोंदिया-बालाघाट-नैनपूर-जबलपूर या जुन्या नॅरोगेज मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाल्याने पूर्व विदर्भातील प्रवाशांनाही थेट रेल्वेमार्ग उपलब्ध झाला आहे. शहराचा विमानतळ डुमना येथे आहे.

पहिला दिवस : भेडाघाट

शहरापासून सुमारे २० ते २५ किलोमीटरवरील भेडाघाटसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. सकाळी प्रथम धुवांधार पाहावा. तेथून चौसष्ट योगिनी मंदिराकडे जाता येते. कलचुरी काळातील हे वर्तुळाकार, वरून मोकळे मंदिर दहाव्या शतकातील मानले जाते. प्राकाराच्या आतल्या बाजूने योगिनींच्या मूर्ती असून मध्यभागी गौरीशंकराचे मंदिर आहे. कलचुरींची राजधानी त्रिपुरी म्हणजे भेडाघाटच्या वाटेवरील आजचे तेवर गाव होय. या राजवंशाच्या कोरीव लेखांचे संकलन व संपादन नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी केले; तो ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुपार कलल्यावर पंचवटी घाटावरून नाव घ्यावी. दोन्ही बाजूंना सुमारे ३० मीटर उंचीचे संगमरवरी कडे असून पांढऱ्या, करड्या, निळसर आणि गुलाबी छटा उन्हाच्या तिरिपीनुसार बदलत जातात. 'बंदर कूदनी' या ठिकाणी कडे एकमेकांच्या अगदी जवळ येतात. नावाड्यांचे यमक जुळवीत चालणारे मिश्कील निवेदन हा या सफरीचा वेगळाच आनंद आहे. १९६० च्या 'जिस देश में गंगा बहती है' या चित्रपटाचे चित्रीकरण याच परिसरात झाले होते. शरद पौर्णिमेच्या सुमारास येथे नर्मदा महोत्सव भरतो. त्या दिवसांत निवासाची सोय आधीच करावी.

घाटाजवळच्या दुकानांत मिळणाऱ्या कोरीव वस्तूंपैकी पुष्कळशा संगमरवराच्या नसून शंखजिऱ्यासारख्या मऊ दगडाच्या असतात. कारागिरी उत्तम असते. मात्र किंमत ठरविताना दगड कोणता, हे विचारून घ्यावे.

दुसरा दिवस : शहर आणि घाट

सकाळी मदन महाल गाठावा. गोंड राजवटीतील ही वास्तू प्रचंड खडकावर उभी आहे. जवळच एका शिळेवर अल्पशा आधाराने तोललेली दुसरी शिळा आहे. २२ मे १९९७ च्या भूकंपातही ती ढळली नाही. १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना धारातीर्थी पडलेल्या राणी दुर्गावती यांच्या नावाचे संग्रहालय शहरात असून तेथे कलचुरी शिल्पांचा मोठा संग्रह आहे.

तिलवारा घाटावर १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचे विसर्जन करण्यात आले होते. १९३९ चे त्रिपुरी काँग्रेस अधिवेशन याच परिसरात भरले. अध्यक्षपदी सुभाषचंद्र बोस होते. शहरातील कमानिया गेट त्या अधिवेशनाची आठवण देते. खडकांच्या अभ्यासकांनी लम्हेटा घाट चुकवू नये. जबलपूरच्या टेकड्यांत १८२८ मध्ये विल्यम स्लीमन यांना डायनासोरचे जीवाश्म सापडले होते आणि ते ज्या खडकथरात मिळाले, त्याला लम्हेटा हेच नाव मिळाले. भेडाघाट-लम्हेटाघाट परिसराचा २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला आहे.

संध्याकाळ ग्वारीघाटावरील नर्मदा आरतीसाठी ठेवावी. 'नर्मदे हर' हा परिक्रमावासीयांचा घोष मराठी वाचकांना परिचित आहे. या घाटावर तो रोज कानी पडतो. परतताना खव्याची जिलेबी अवश्य चाखावी. एक-दोन दिवस अधिक असल्यास सुमारे १६० किलोमीटरवरील कान्हा राष्ट्रीय उद्यान पाहता येते. त्याचे मुख्य क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असते.

सुरक्षितता

धुवांधारजवळचे खडक पाण्याने गुळगुळीत झालेले असून तुषारांमुळे सतत ओले असतात. छायाचित्रासाठी कठडा ओलांडणे जिवावर बेतू शकते. घळीतील पाणी वरून संथ भासले तरी ते अतिशय खोल आहे. तेथे पोहू नये. नावेत बसण्यापूर्वी प्रत्येकाने, लहान मुलांनीही, जीवरक्षक जाकीट घालावे आणि ते न देणारी किंवा क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी घेणारी नाव नाकारावी. घाटावर स्नान करताना साखळीच्या आतच राहावे.

नौकाविहार बंद असल्याची सूचना लागली असेल, तर अधिक पैसे देऊन नाव मिळविण्याचा प्रयत्न करू नये. त्या दिवशी मंदिर, संग्रहालय आणि मदन महाल पाहावेत आणि नौकाविहारासाठी पाणी उतरल्यावर पुन्हा यावे. अंतर फार नाही आणि संगमरवराचे कडे कोठेही जात नाहीत.