पुदिन्याचं दूध आणि हिरवा रंग

गेल्या रमजान ईदची गोष्ट. शिरखुर्मा दरवर्षीप्रमाणे सकाळीच झाला होता. पण ऊन असं चढलं की, दुपारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी काहीतरी गार हवं म्हणून माझ्या मुलीनं पुदिन्याचा मिल्कशेक करायला घेतला. दूध, पुदिना, साखर, आइस्क्रीम आणि शेवटी छोट्या बाटलीतून दोन-तीन थेंब हिरवा रंग. पेले भरून बाहेर आले. शेजारच्या घरातला सात-आठ वर्षांचा मुलगा आईबरोबर आला होता. त्यानं पेला हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. मला म्हणाला, ''काका, हे हिरवं आहे. हिरवं तुमचं असतं ना?''

त्याची आई ओशाळली. मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही जाईना. मुलाचा दोष नव्हता. त्यानं तो कुठंतरी ऐकला होता. मी कविता लिहिणारा माणूस. रंगांची नावं रोज वापरतो. तरी हिरवा रंग कोणाचा आणि हे पेय तरी कोणाचं, याचा कधी नीट विचार केला नव्हता. मग शब्दकोश काढून बसलो.

आधी शब्द पाहू. 'पुदिना' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'सरबत' अरबीतून. पिणे या अर्थाचा जो अरबी धातू आहे, त्यातूनच शरबत झालं आणि शराबही. युरोपातले सिरप, सॉर्बे आणि शर्बेट हे तिघंही याच कुळातले. जुने युनानी हकीम रोग्याला 'सिकंजबीन' द्यायचे. सिर्का म्हणजे शिरका आणि अंगबीन म्हणजे मध, यांचं ते पेय. इराणात आजही ते पुदिन्याच्या वासावर करतात. इराणी लोक ताकातही वाळलेला पुदिना चुरून घालतात आणि त्याला 'दूग' म्हणतात. आपल्या लग्नाच्या पंगतीतला मठ्ठा आठवा. त्यावर कोथिंबिरीबरोबर पुदिनाही असतो, आणि तो हिरवा म्हणून कुणी वाटी बाजूला सारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आमच्या घरी मात्र ईदच्या सरबताचा रंग लाल. माझी माँ दुधात रूह अफ्जा घालायची, त्यात भिजवलेला सब्जा. हे सरबत हकीम अब्दुल मजीद यांनी १९०७ साली दिल्लीत तयार केलं. फाळणीनंतर त्यांचा मोठा मुलगा अब्दुल हमीद दिल्लीत राहिला आणि धाकटा मोहम्मद सईद १९४८ साली कराचीला गेला. दोन भाऊ, दोन देश, पण सरबत तेच. पुढं १९७१ साली बांगलादेश झाला, तेव्हा ढाक्याचा कारखाना तिसऱ्या देशात गेला. त्या लाल सरबताच्या घटकांची यादी वाचताना मला गंमत वाटली. गुलाब, केवडा, वाळा यांच्या रांगेत पुदिनाही आहे. म्हणजे लहानपणापासून आम्ही पुदिन्याचं दूधच पीत होतो. फक्त ते लाल होतं.

आता गुलाब. फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे खरं तर गुलाबपाणी. अरबांनी त्याचं 'जुलाब' केलं. (आपल्याकडे या शब्दाचं पुढं काय झालं ते सांगायला नको!) हकिमांची पुस्तकं लॅटिनमध्ये गेली, तेव्हा शब्दही गेला आणि फ्रेंचमधून इंग्रजीत पोचेपर्यंत त्याचा 'जुलेप' झाला. अर्थ होता, औषध गिळायला सोपं जावं म्हणून दिलेलं गोड पाणी. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या व्हर्जिनियात लोक दारूत पुदिना भिजवून सकाळी पिऊ लागले. १८०३ साली छापलेल्या एका प्रवासवर्णनात या 'मिंट जुलेप'ची नोंद आहे. त्यात गुलाब उरला नाही, औषधही उरलं नाही, उरला तो पुदिना.

त्याच अमेरिकेत सणाचा हिरवा मिल्कशेक जन्मला. कनेक्टिकट राज्यात मॅकडोनाल्ड्सचं एक दुकान चालवणारे हॅल रोझेन यांनी १९६७ साली सेंट पॅट्रिकच्या सणासाठी तो केला. सेंट पॅट्रिक हा आयर्लंडचा ख्रिस्ती संत. त्याचा दिवस १७ मार्च. तीन पानांचं शॅमरॉक हे त्याचं चिन्ह, म्हणून नाव 'शॅमरॉक शेक'. १९७० पासून तो ठिकठिकाणी विकला जाऊ लागला. त्यात तेव्हा पुदिना नव्हताच! व्हॅनिला आइस्क्रीम आणि लिंबाचं शर्बेट होतं. म्हणजे आपलं सरबत तिथंही पोचलं होतं, बर्फ होऊन. पुदिन्याचा स्वाद आला तो १९८३ साली.

आणि हिरवा रंग? तोही त्या संताचा मूळचा नव्हे. १७८३ साली त्याच्या नावानं सरदारांचा जो मानाचा पंथ निघाला, त्याचा रंग निळा होता. हिरवा रंग आयर्लंडच्या स्वातंत्र्यवाद्यांनी उचलला. १७९८ च्या इंग्रजांविरुद्धच्या उठावात तो बंडाचा रंग ठरला आणि मग संतालाही तोच चढला. तिकडच्या एखाद्या पोरानं हिरव्या पेल्याकडे बोट दाखवलं, तर ते म्हणेल, ''हे आयरिश लोकांचं.''

या शेकच्या इतिहासातली एक गोष्ट मात्र माझ्या मनात घर करून राहिली. फिलाडेल्फियात फ्रेड हिल या फुटबॉलपटूच्या लहान मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता. दवाखान्यात पोरं दाखल, आणि बाहेर आईबाप खुर्च्यांवर रात्री काढताहेत, हे त्यानं पाहिलं. अशा आईबापांसाठी १९७४ साली तिथं एक घर उघडलं. त्यासाठीचा काही पैसा शॅमरॉक शेकच्या विक्रीतून उभा राहिला होता.

हे वाचलं आणि मला माँची घागर आठवली. इसवी सन ६८० मध्ये करबलाच्या मैदानावर इमाम हुसेन आणि त्यांच्या सोबत्यांचं पाणी तोडलं गेलं. त्या तहानेची आठवण म्हणून मोहरममध्ये सबील लावतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी, सरबत देतात. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत सगळ्या जातिधर्मांचे लोक मिळून उचलतात, तशीच रीत आमच्याही गावात होती. माँ दारात सरबताची घागर ठेवायची. पेला कुणाच्या हातात जातो हे ती पाहत नसे. पेला रिकामा होऊन परत आला की नाही, एवढंच पाहायची.

परवा मी स्वतः हा मिल्कशेक केला, बाटलीतल्या रंगाशिवाय. चार पेल्यांसाठी अर्धी वाटी पाण्यात चार चमचे साखर विरघळवून उकळी आणली, गॅस बंद केला, मूठभर धुतलेली पुदिन्याची पानं त्यात टाकून पंधरा मिनिटं झाकून ठेवलं. पानं उकळायची नाहीत, कडवट होतात. मग गाळून, पूर्ण गार करून, तीन पेले थंडगार दुधात घातलं, दोन चमचे व्हॅनिला आइस्क्रीम टाकलं आणि मिक्सरमधून फिरवलं.

दूध जवळजवळ पांढरंच राहिलं. पुदिना आपला वास देतो, गारवा देतो. रंग मात्र दुधाला देत नाही. ईदच्या दिवशी त्या मुलाला जे हिरवं दिसलं, ते बाटलीतलं होतं. ते आम्हीच वरून घातलं होतं.

एक पेला झाकून शेजारी पाठवला. थोड्या वेळानं तो मुलगाच पेला परत घेऊन आला. पेला रिकामा होता. म्हणाला, ''काका, साखर कमी होती.''