पटावरची संख्या आणि गावची शाळा

१७ सप्टेंबर २०२३ रोजी मराठवाड्याच्या मुक्तीला ७५ वर्षे पूर्ण झाली. आदल्या दिवशी राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक मुद्दाम छत्रपती संभाजीनगर येथे घेण्यात आली होती. ध्वजवंदने झाली, हुतात्म्यांचे स्मरण झाले, निजामी राजवटीच्या आठवणी निघाल्या. त्यानंतर चारच दिवसांनी, २१ सप्टेंबरला, शिक्षण आयुक्तांच्या कार्यालयातून एक पत्र निघाले. २० हून कमी पटाच्या शाळांचे विद्यार्थी एकत्र आणून ‘समूह शाळा’ उभारता येतील काय, याचे प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यांतून पाठवावेत, असा त्याचा आशय होता. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील प्रयोग नमुन्यादाखल पुढे ठेवण्यात आले होते.

पत्रामागचे गणित सोपे होते. राज्यात अशा शाळा १४,७८३, त्यांतील विद्यार्थी १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. म्हणजे शाळेमागे सरासरी साडेबारा मुले व दोन शिक्षक. हिशेबाच्या वहीत ही शाळा परवडत नाही, हे कोणासही दिसेल. परंतु नांदेड आणि लातूर या भागात शाळा आणि सरकार यांचा संबंध पूर्वीपासून काही निराळाच राहिला आहे, आणि तो समजून घेतल्यावाचून या पत्राविरुद्ध उठलेल्या ओरडीचा अर्थ पुरता लागत नाही.

हे दोन्ही जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. लातूर तर तेव्हा जिल्हाही नव्हता. उस्मानाबाद जिल्ह्यातील ते एक भरभराटीचे बाजारगाव होते, आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात मोडत. संस्थानातील प्रजेपैकी सुमारे निम्मी तेलुगू बोलणारी, चौथाई मराठी बोलणारी. कारभार मात्र १८८४ पासून उर्दूतून चाले, आणि १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. त्या विद्यापीठाने एका देशी भाषेतून उच्च शिक्षण देऊन दाखविले, हे श्रेय त्याला द्यावयास हवे. पण भोकर किंवा औसा येथील शेतकऱ्याच्या मुलाला शाळेच्या पहिल्या पायरीवरच परकी भाषा आडवी येई. ज्यांना परवडे, ते मुलांना हद्दीपलीकडे बार्शीस अथवा सोलापुरास धाडीत. बाकीच्यांची मुले गुरांमागे जात.

तेव्हा लोकांनी आपल्या शाळा आपणच काढण्यास प्रारंभ केला. १९२१ साली उस्मानाबाद जिल्ह्यात हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली. खेडे आडवळणी, साधने तुटपुंजी. तरी तिच्यातून पुढे हैदराबादच्या लढ्याचे कार्यकर्ते निघाले. व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण १९२९ साली तेथे शिक्षक म्हणून आला आणि पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाला. १९३५ मध्ये ते मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, योगेश्वरी विद्यालयात गेले. स्वामीजींचे राजकारण शाळेच्या ओसरीवर सुरू झाले, ही गोष्ट या प्रांतात कोणाला नवलाची वाटत नाही.

सरकारला अशा शाळांची धास्ती वाटावी, हेही स्वाभाविक होते. १९२४ च्या सुमारास खासगी शाळांसाठी नियम निघाले. शाळा काढावयाची तर आधी परवानगी हवी. परवानगीचा अर्ज कचेरीच्या पायऱ्या चढू लागला की कधी उतरेल, याचा नेम नसे. शाळा उघडपणे बंद करण्याचा दोष पदरी न घेता ती बंद ठेवण्याची ही युक्ती होती. सभा भरविण्यावरही असेच परवानगीचे बंधन होते. ती प्रसिद्ध ‘गश्ती निशाण ५३’. गश्ती म्हणजे परिपत्रक. लोकांच्या लेखी गश्ती हा शब्दच पुढे अपशकुनी झाला.

या बंधनांचा राग साठत गेला. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि पुढच्या वर्षी लातूर येथे दुसरे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, ही परिषदेची मागणी नागरिक स्वातंत्र्याच्या मागणीइतकीच आग्रहाची होती. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहातही शाळा काढण्याच्या मोकळिकीची मागणी होती. त्याच काळात, १९३८ साली, उदगीरचे भाई श्यामलाल बीदरच्या तुरुंगात मरण पावले, आणि त्यांच्या नावे उदगिरात स्मारक उभे राहिले ते विद्यालयाचे. नांदेडला १९५० साली स्वामीजींच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज निघाले. नावातच ते कोणाचे, हे सांगून टाकलेले.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. किनवट-माहूरच्या डोंगरातील पाड्यांवर, मुखेड-कंधारच्या बंजारा तांड्यांवर, जळकोटच्या माळावरील वाड्यांवर एकेक खोलीची शाळा पोचली. २००० च्या सुमारास वस्तीशाळा निघाल्या. त्यांना जागा अनेकदा गावानेच दिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आणि त्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीसाठी घरापासून १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर ही मर्यादा घालून दिली. आजोबांना ज्यासाठी अर्ज करीत हिंडावे लागले, ते नातवाला कायद्याने मिळाले.

आणि मग पट घसरू लागला. येथे दोष केवळ सरकारच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. जन्मप्रमाण कमी झाले, माणसे पुण्या-मुंबईकडे गेली. आणि ज्याच्या हाती चार पैसे आले, त्याने आपले मूल इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीत बसविले. सभेत गावची शाळा वाचविण्याचे भाषण करणाऱ्याचे स्वतःचे मूल त्या शाळेत असतेच असे नाही. लातूरची गोष्ट तर विशेष चमत्कारिक. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्रभर गाजला. दूरदूरची मुले तेथे खोल्या घेऊन राहतात. त्याच जिल्ह्यात शहरापासून फार दूर नसलेल्या वाडीवर मात्र बारा मुलांच्या शाळेला आपले असणे सिद्ध करावे लागते.

मागे उरतात ती ज्यांना गाडी परवडत नाही त्यांची मुले, आणि त्यांत मुली अधिक. समूह शाळेला बस मिळेल, असे पत्रात आश्वासन होते. पण ओढ्याला पाणी आले, बस चुकली किंवा बंद पडली, तर नऊ वर्षांच्या मुलीला तीन-चार किलोमीटर कोण नेऊन पोचविणार? आई मजुरीवर, बाप मजुरीवर. मुलगी घरी राहते, आणि बहुधा कायमची. चीनमध्ये २००१ पासून खेड्यांतील शाळा झपाट्याने एकत्र करण्यात आल्या. दहा वर्षांत निम्म्याहून अधिक ग्रामीण प्राथमिक शाळा नाहीशा झाल्या, आणि २०१२ मध्ये तेथील सरकारलाच हा वेग थांबवावा लागला.

विरोध अनेक तोंडांनी प्रकट झाला. ग्रामसभांनी ठराव केले, शिक्षक संघटनांनी निवेदने दिली, शाळा व्यवस्थापन समित्यांनी कायद्यातील अंतराची आठवण दिली. याआधी २०१७ साली १,३१४ शाळा बंद करण्याच्या निर्णयाने असाच क्षोभ झाला होता. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील दरेवाडीच्या मुलांनी तर शेळ्या घेऊन जिल्हा परिषद गाठली आणि दप्तरे परत घेऊन शेळ्या द्या, अशी मागणी केली. शाळा नसेल तर हातात काय उरते, हे त्या मुलांनी कोणत्याही तज्ज्ञापेक्षा थोडक्यात सांगितले. शाळा बंद करण्याचा हेतू नाही, असा खुलासा शासनाने केला. पण त्यापाठोपाठ १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा निर्णय आला, ५ सप्टेंबरला कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय आला, आणि २५ सप्टेंबर २०२४ रोजी राज्यभरचे प्राथमिक शिक्षक सामुदायिक रजा घेऊन मोर्चात उतरले. शाळा बंद करण्याचा हुकूम न काढताही तिचा शिक्षक कमी करता येतो, हे जुन्या गश्त्यांची कथा ऐकलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

शिक्षकांची संख्या ठरते ती ३० सप्टेंबरच्या पटावरून. त्या दिवशी मुखेड-जळकोटकडील तांड्यांवरची मुले वर्गात असतात. पुढे दिवाळीच्या सुमारास त्यांचे आईबाप कोयते बांधून ऊसतोडीस निघतात, आणि पुष्कळ मुलेही त्यांच्याबरोबर साखर कारखान्यांच्या फडावर जातात. कोणी आजीपाशी मागे राहते, कोणी हंगामी वसतिगृहात. उन्हाळ्याच्या तोंडी ती सारी परततात, तेव्हा तांड्यावरच्या त्या एका खोलीचे दार उघडे असते, आणि हजेरीत त्यांची नावे अजून लिहिलेली असतात.