साठ वर्षांमागची गोष्ट

आमच्या घरात इंग्रजी वाङ्मयाचा इतिहास मराठीतून आला, आणि तोही तोंडी. आजोबा साताऱ्यात एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. पाठ्यपुस्तकांत त्या वाङ्मयाचे कालखंड राजेराण्यांच्या नावानं पाडलेले असत: एलिझाबेथचा काळ, जेम्सचा काळ, व्हिक्टोरियाचा काळ. परीक्षेपुरतं आजोबा ते सगळं शिकवत. घरी मात्र त्यांची मोजणी निराळी होती. एखाद्या पुस्तकाचं नाव निघालं की ते विचारत, "यातली हकिगत लेखकाला कुणी सांगितली?" घटना आणि पुस्तक यांच्यामध्ये किती वर्षं गेली, आणि तेवढी वर्षं ती हकिगत कुणाच्या तोंडी राहिली, हे समजलं की पुस्तक अर्धं समजलं, असं ते म्हणत.

मला हे त्यांच्यापेक्षाही जास्त पटतं. ब्रिटनवर ओढवलेल्या मोठ्या घटनांबद्दल लगोलग पुष्कळ लिहिलं गेलं; पत्रकं, प्रवचनं, विजयाची कवनं. त्यातलं बरंचसं विरून गेलं. जे टिकलं त्याचा मोठा हिस्सा, म्हाताऱ्या माणसांशेजारी बसून ऐकणाऱ्या पोरांनी पन्नास-साठ वर्षांनी लिहिलेला आहे.

याचा पहिला पुरावा मला डॅनियल डीफोत मिळाला, आणि तो समजून घ्यायला घरातच एक साक्षीदार होती. आजोबांच्या आई, म्हणजे माझी पणजी. आम्ही तिला थोरली आई म्हणायचो. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा ती दहाएक वर्षांची होती. त्या साथीचा छापील इतिहास मला पुढं शाळेत भेटला: रँडसाहेबाची प्लेग कमिटी, घरझडत्या घेणारे गोरे सोल्जर, २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी झाडलेल्या गोळ्या. थोरल्या आईच्या सांगण्यात रँडचं नाव कधी आलं नाही. तिची गोष्ट सुरू व्हायची ती "उंदीर पडला" इथून. शेजारच्या वाड्यात उंदीर पडला, मग आपल्या माजघरात पडला, मग आईनं पोरांच्या काखा रोज चाचपायला सुरुवात केली. सोल्जर येणार म्हणताच शेजारणीनं तापलेल्या लेकराला कोठीच्या खोलीत कणगीमागं निजवलं आणि वरून गोधड्या टाकल्या. ते बूट घालून देवघरात शिरले. पाण्याचा तांब्याचा हंडा रस्त्यावर नेऊन ठेवला आणि त्यात फिनेल ओतलं. तो हंडा कितीही चिंचेनं घासला तरी पुढं कुणी पाण्याला वापरला नाही. ते लेकरू जगलं की नाही, हे प्रत्येक वेळी विचारावं लागायचं. जगलं, असं ती म्हणायची, आणि त्याचं पुढं लग्न झालं, हेही सांगायची.

लंडनच्या १६६५ च्या प्लेगात अधिकृत नोंदींनुसार एका वर्षात ६८,५९६ माणसं दगावली. खरा आकडा त्याहून मोठाच असणार, कारण लपवाछपवी तिथंही होती. घरात एकाला गाठ आली की सगळं घर बाहेरून बंद करत, दारावर तांबडा क्रूस काढत, रात्रंदिवस पहारेकरी बसवत. धडधाकट माणसं आजाऱ्यासोबत चाळीस दिवस कोंडलेली. या साथीत सॅम्युअल पीप्स हा सरकारी अधिकारी शहरात होता आणि रोजनिशी लिहीत होता. पण ती लघुलिपीत होती आणि छापून आली १८२५ मध्ये. त्याआधी शंभर वर्षं इंग्रजी वाचणाऱ्यांनी तो प्लेग पाहिला तो डीफोच्या १७२२ च्या पुस्तकातून, आणि डीफो साथीच्या वेळी जेमतेम पाच वर्षांचा होता.

त्यानं ते पुस्तक एका खोगीर करणाऱ्या माणसाच्या तोंडी घातलं आहे. हा माणूस ऑल्डगेटला राहतो, शहर सोडून जावं की राहावं यावर खूप विचार करतो आणि राहतो. शेवटी सही फक्त आद्याक्षरांची, एच. एफ. डीफोच्या चुलत्याचं नाव हेन्री फो, धंदा खोगिराचा. म्हणून चुलत्याच्या आठवणी या पुस्तकाच्या मुळाशी असाव्यात, असं अभ्यासक मानतात. डीफोनं मृत्यूचे आकडे, सरकारी हुकूम, सगळे कागद धुंडाळले हे खरं. लिहायला तातडीचं निमित्तही होतं. १७२० मध्ये फ्रान्सच्या मार्से बंदरात प्लेग उतरला होता आणि तो खाडी ओलांडून येईल या धास्तीत लंडन होतं. पण कागदांत दाराआडचं बोलणं नसतं. पहारेकऱ्याला बाजारात पिटाळून मागच्या बाजूनं निसटलेली कुटुंबं, आजार लपवणाऱ्या आया, हे सगळं कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं आहे, आणि म्हणून ते थोरल्या आईच्या कणगीजवळ येऊन बसतं. आजोबा ती पानं तिला मराठीत सांगत. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मग त्यांच्यातपण असंच."

वॉल्टर स्कॉट हा आजोबांचा सर्वांत लाडका, आणि त्यांच्या मोजणीला सर्वांत नेमका बसणाराही. स्कॉट १७७१ चा, एडिंबरोचा. दीड वर्षाचा असताना आजारपणात त्याचा उजवा पाय अधू झाला. मोकळी हवा मिळावी म्हणून त्याला सँडीनो इथं त्याच्या आजोबांच्या शेतावर ठेवलं. पळता न येणारं पोर. ते आजीजवळ आणि आत्याजवळ बसून ऐकत राहिलं. सीमेवरच्या टोळ्यांच्या चोऱ्या, जुने सूड, आणि अजून ताजी असलेली एक जखम, १७४५ चं बंड. स्टुअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स एडवर्ड डोंगराळ मुलखातले लोक घेऊन इंग्लंडात डर्बीपर्यंत गेला, आणि १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर सगळं संपलं. त्यानंतर त्या लोकांच्या पारंपरिक पोशाखावर कायद्यानं बंदी आली, ती उठायला १७८२ उजाडलं. म्हणजे स्कॉट अकरा वर्षांचा होईपर्यंत हा इतिहास अंगावर घालणं हाच गुन्हा होता.

स्कॉटचे वडील वकील. त्यांच्या पक्षकारांत इन्व्हर्नाहाइलचे अलेक्झांडर स्ट्युअर्ट म्हणून एक वृद्ध गृहस्थ होते, त्या बंडात लढलेले. त्यांनी पोराला सांगितलेली एक हकिगत अशी: प्रेस्टनपॅन्सच्या लढाईत राजाचं सैन्य पळालं, पण व्हाइटफूर्ड नावाचा एक अधिकारी तोफा सोडून हलेना. त्याच्यावर परशू उगारला गेला, तेव्हा स्ट्युअर्टनी मध्ये पडून त्याला वाचवलं. कलोडननंतर पारडं फिरलं. स्ट्युअर्ट घराजवळच्या गुहेत लपले आणि त्यांची लहानगी मुलगी चोरून जेवण पोचवू लागली. तिकडे व्हाइटफूर्ड त्यांच्यासाठी रदबदली करत होता. नकारामागून नकार आले, तेव्हा त्यानं आपली लष्करी सनद काढून समोर ठेवली, आणि स्ट्युअर्टच्या घरादाराला अभय मिळालं.

हीच हकिगत, नावं बदलून, स्कॉटच्या 'वेव्हर्ली' या कादंबरीचा कणा झाली. १८०५ मध्ये त्यानं ती लिहायला घेतली, काही प्रकरणांवर टाकून दिली. पुढं एकदा माशांचे गळ शोधताना जुन्या कपाटात ते कागद सापडले, आणि १८१४ मध्ये पुस्तक निनावी बाहेर पडलं. साठ वर्षांमागची गोष्ट, असं त्यानं शीर्षकालाच जोडलं होतं. आजोबा हा आकडा फार महत्त्वाचा मानत. साठ वर्षांनी राग निवलेला असतो, पण सांगणारं एखादं माणूस अजून जिवंत असतं. त्याआधी लिहिलं तर बाजू घ्यावी लागते, नंतर लिहिलं तर दप्तरखान्यावर विसंबावं लागतं. स्कॉटनं पुढं मध्ययुगावर लिहिलं, ते खूप खपलंही. पण माझं मत विचाराल तर त्याचं खरं लेखन आजी, आत्या आणि त्या वृद्ध पक्षकाराच्या टप्प्यातलंच आहे.

ऐतिहासिक कादंबरीचं हे वारं मराठीतही आलं. हैदराबादच्या निजामाकडे नोकरी केलेल्या मेडोज टेलरनं टिपू सुलतानावर इंग्रजी कादंबरी लिहिली. तिच्या आधारानं हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'मैसूरचा वाघ' केली, आणि तिथून ते 'उषःकाल'कडे गेले. ॲकवर्थ या इंग्रज अधिकाऱ्यानं शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर गोंधळ्यांकडून पोवाडे मिळवून १८९१ मध्ये छापले. स्कॉटनंही कादंबरीकार होण्याआधी सीमेवरची गाणी अशीच गोळा केली होती.

त्या गाण्यांवरून स्कॉटला एका बाईनं सुनावलं होतं. मार्गरेट लेडलॉ, मेंढपाळ कवी जेम्स हॉगची आई. जुनी गाणी तिला तोंडपाठ होती. छापील पुस्तक पाहून ती म्हणाली की ही गाणी गायची होती, वाचायची नव्हेत; तुम्ही ती छापलीत आणि कायमची बिघडवलीत. आजोबा तिची बाजू घेत. थोरली आई दर वेळी गोष्ट थोडी वेगळी सांगे, ऐकणारं पोर किती लहान आहे ते बघून सांगे, आणि छापताना हे मरतं, असं ते म्हणत. मी त्यांच्याशी भांडत असे आणि अजूनही भांडेन. त्या बाईची तक्रार खरी आहे. पण तिनं ते स्कॉटला सुनावलं हेही आपल्याला छापल्यामुळंच माहीत आहे.

एलिझाबेथ गॅस्केलबद्दल थोडक्यात. १८५९ मध्ये ती व्हिटबी या बंदरात राहिली आणि तिथल्या जुन्या माणसांकडून १७९० च्या दशकातली हकिगत काढत राहिली. फ्रान्सशी युद्ध चालू होतं आणि आरमारासाठी खलाशांना वाटेत गाठून जबरीनं उचलून नेत. चिडलेल्या गावानं दंगा केला होता. 'सिल्व्हियाज लव्हर्स' ही कादंबरी १८६३ ची. पुन्हा तोच सुमार, सत्तर वर्षं.

टॉमस हार्डीपाशी मात्र थांबायला हवं. तो १८४० चा, डॉर्सेटमधल्या हायर बॉकहॅम्प्टनचा. घरात वडिलांची आई होती, आणि नेपोलियन समुद्र ओलांडून येणार ही धास्ती तिनं तरुणपणी अनुभवली होती. डॉर्सेटचा किनारा फ्रान्ससमोरच, त्यामुळं टेकड्यांवर इशाऱ्याच्या होळ्या रचून ठेवलेल्या आणि रात्रंदिवस राखणदार बसलेले. त्यातली एक जागा हार्डीच्या घरापासून जवळच होती. हार्डीचे आजोबा स्वयंसेवकांच्या तुकडीत होते. त्यांनी घेतलेले युद्धकथांचे जुने अंक पोराला कपाटात सापडले. आजी बोलायची आणि अंकांत चित्रं होती. दोन्ही मिळून ते युद्ध त्याच्या मनात पक्कं झालं. १८ जून १८७५, वॉटर्लूच्या लढाईला साठ वर्षं झाली त्या दिवशी, हार्डी बायकोला घेऊन लंडनच्या चेल्सी इस्पितळात गेला. तिथं म्हातारे पेन्शनर शिपाई राहत, आणि त्या लढाईत प्रत्यक्ष उभे राहिलेले काही जण अजून होते. त्यांच्याशी तो गप्पा मारत बसला. 'द ट्रंपेट-मेजर' ही कादंबरी १८८० मध्ये आली, आणि त्याच आठवणी पुढं 'द डायनॅस्ट्स' या प्रचंड नाट्यकाव्यात उतरल्या.

हार्डीच्याच बाबतीत या मोजणीला एक विलक्षण वळण मिळतं. त्यानं एक कथा लिहिली: १८०४ मध्ये नेपोलियन स्वतः गुपचूप डॉर्सेटच्या किनाऱ्यावर उतरतो, सैन्य उतरवायची जागा पाहून जातो, आणि एक मेंढपाळाचा पोरगा ते बघतो. कथा हार्डीच्या कल्पनेतली. पुढं मात्र लोक त्याला सांगू लागले की ही आमच्या भागातली जुनी दंतकथाच आहे. हे ऐकून आजोबांच्या विद्यार्थ्यांना वाटे की मग म्हाताऱ्यांच्या सांगण्यावर भरवसा कसा ठेवायचा. मला त्यातून उलटंच दिसतं. त्या मुलखातल्या भीतीला हार्डी इतकं नेमकं ओळखत होता की त्यानं रचलेली गोष्ट तिथल्या लोकांना स्वतःचीच वाटली. तारीख-वाराला कथा खोटी असेल. आजीनं त्याला जे दिलं होतं ते त्यात खरंच आहे.

पहिलं महायुद्ध या मोजणीत बसत नाही, असं आजोबा मान्य करत. विल्फ्रेड ओवेन, सिगफ्रीड ससून या कवींनी खंदकातून परतताच लिहिलं, साठ दिवसही थांबले नाहीत. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ ला पडला आणि तार त्याच्या आईला मिळाली ११ तारखेला, युद्ध थांबल्याच्या घंटा वाजत असताना. पण आजोबा गेल्यानंतर १९९१ मध्ये पॅट बार्करची 'रीजनरेशन' आली. ओवेन आणि ससून ज्या क्रेगलॉकहार्टच्या इस्पितळात भेटले तिथली ही कादंबरी. बार्कर आजीच्या घरात वाढली, आणि घरातल्या आजोबांच्या अंगावर संगिनीच्या जखमेचा व्रण होता. ते त्याबद्दल बोलत नसत. पंच्याहत्तर वर्षांनी तिनं लिहिलं ते त्या व्रणावरून आणि न बोलण्यावरून.

ते वाचल्यावर मला थोरल्या आईचे धाकटे भाऊ, म्हणजे आजोबांचे मामा, आठवले. ते मराठा पलटणीत होते. सहावी पुणे डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली मेसोपोटेमियात गेली. कूत-अल-अमाराला तुर्कांनी कोंडल्यावर १४७ दिवस उपाशीपोटी तग धरून २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. सुमारे १३,००० माणसं कैदेत पडली आणि वाळवंटातून चालवत नेली गेली. परत न आलेल्यांची गणती हजारांत आहे. मामा परत आले. आम्ही पोरं विचारायचो, तेव्हा ते एवढंच म्हणायचे, "बसऱ्याला उष्मा फार." बसऱ्याच्या युद्धस्मारकावर ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे. ब्रिटिशांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांची प्रत्येक पलटणीपुढं फक्त संख्या दिली.

म्हणून अलीकडं मी सातारा-कराडच्या बाजूच्या गावांत, 'बसऱ्याला गेलेल्या' माणसांच्या घरी जाऊन बसते. एका घरात सत्तरीच्या आजी भेटल्या. त्यांच्या आजेसासऱ्यांचा काहीच ठाव लागेना, तेव्हा घरानं ते गेले असं धरून दिवस घातले, बायकोनं कुंकू पुसलं. दोन सुगी गेल्या आणि माणूस दारात उभा. आधी कुणी ओळखलं नाही. ओळखलं ते गोठ्यातल्या म्हाताऱ्या बैलानं. मग भटजींना बोलावून तिला पुन्हा कुंकू लावायचं की नाही यावर वाद झाला. हे आजींना सासूनं सांगितलेलं, सासूला तिच्या सासूनं, म्हणजे जिनं कुंकू पुसलं होतं तिनं स्वतः. वाद कसा मिटला ते सांगताना आजी मध्येच अडल्या, आतल्या जावेला हाक मारून विचारलं, दोघींचं काही जमेना, आणि मग "थांबा, बैलाचं आधी झालं" म्हणत त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.