बोल आईला का?



घरातल्या कुणाला भास होऊ लागले, बोलणं विस्कटलं, अंघोळ-जेवणाचं भान सुटलं, की लोक आधी आईकडे बोट दाखवतात. हिनंच लाडावलं, नाहीतर हिनंच धाकात ठेवलं. हे आपल्याकडेच होतं असं नाही. 1948 साली अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइखमन या नामवंत मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी स्किझोफ्रेनियाचं मूळ आईच्या वागण्यात असतं, असं लिहिलं. पुढं कित्येक वर्षं तिकडच्या आयांनी हा ठपका सोसला.

त्याच वर्षी तिथल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या एस्टा बर्ग यांनी एक साधी चाचणी मांडली. पत्त्यांवर चांदण्या, त्रिकोण, गोल अशा आकृत्या. रंग वेगळे, संख्या वेगळी. हातातला पत्ता समोरच्या चारांपैकी एकाशी जुळवायचा. कशावरून, ते सांगत नाहीत. फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणतात. रंगावरून जुळवायचं हे अंगवळणी पडलं, की न सांगता नियम बदलतो. आता आकार बघायचा. बहुतेक माणसं थोड्या चुका करून सावरतात.

1963 साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर यांनी, फिट्स थांबाव्यात म्हणून मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर ही चाचणी घेतली. ज्यांच्या कपाळामागच्या मेंदूचा भाग काढला होता, ते 'चूक' ऐकूनही जुन्याच नियमाला धरून राहिले. जुनी वाट सोडून नवी धरायला मेंदूचा हा भाग लागतो, हे त्यातून कळलं.

स्किझोफ्रेनियाचे रुग्णही या पत्त्यांत असेच अडकत. 1986 साली अमेरिकेत डॅनियल वाइनबर्गर आणि सहकाऱ्यांनी पत्ते जुळवताना मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. निरोगी माणसांत कपाळामागच्या एका भागात तो वाढला. रुग्णांत तसा वाढला नाही. जन्मदात्या आईपासून दूर वाढलेल्या मुलांच्या अभ्यासांनीही आईच्या वागण्यावरचा ठपका खोडून काढला.

नुसत्या पत्त्यांवरून आजार ठरत नाही, कारण इतर आजारांतही अशा चुका होतात. मेंदूचं सगळं कोडंही अजून सुटलेलं नाही. पण एक गोष्ट पक्की समजली. दहादा सांगूनही आजारी माणूस तेच करतो, तेव्हा तो दरवेळी हट्ट नसतो. मेंदूला वळण घेणं जड जात असतं. म्हणून त्याला एका वेळी एकच काम सांगा, थोडक्यात सांगा, पुन्हा सांगा. आणि डॉक्टरांकडे न्यायला उशीर करू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

आणि त्याच्या आईला बोल लावू नका. तिला हात द्या.