सगळे उंदीर सारखे नसतात! कॅन्सर संशोधनात उंदराचा ‘स्ट्रेन’ का महत्त्वाचा?

‘उंदरांवरचा प्रयोग यशस्वी, आता कॅन्सर बरा होणार’ अशा बातम्या व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतात. प्रयोग कोणत्या उंदरांवर झाला, हे मात्र त्यात क्वचितच सांगितलेलं असतं. संशोधकांसाठी तोच कळीचा मुद्दा असतो, कारण उंदराचा स्ट्रेन बदलला की निकालही बदलू शकतो.

स्ट्रेन म्हणजे काय?

सख्ख्या भावाबहिणींचा संकर सलग किमान २० पिढ्या केला, की त्या वंशातले उंदीर जनुकीयदृष्ट्या जवळपास एकसारखे होतात, अगदी एकसारख्या जुळ्यांसारखे. याला ‘इनब्रेड स्ट्रेन’ म्हणतात. अमेरिकी संशोधक क्लॅरन्स कुक लिटल यांनी १९०९ मध्ये ‘डीबीए’ या पहिल्या इनब्रेड स्ट्रेनचं काम सुरू केलं. आज सर्वात जास्त वापरला जाणारा ‘सी५७बीएल/६’ हा काळा उंदीरही त्यांच्याच कामातून आला. सगळे उंदीर एकसारखे असल्यामुळे दोन गटांत फरक दिसला, तर तो औषधाचा की जनुकांचा, हे ओळखणं सोपं जातं.

फरक किती पडतो?

‘एपीसी’ या जनुकात बिघाड असलेल्या ‘मिन’ उंदरांचं उदाहरण घ्या. माणसात याच जनुकातल्या बिघाडामुळे आतड्याच्या कॅन्सरचा एक आनुवंशिक प्रकार होतो. सी५७बीएल/६ मध्ये हा बिघाड असेल, तर आतड्यात सरासरी ३० च्या आसपास गाठी होतात. ‘एकेआर’ स्ट्रेनशी संकर केल्यावर जन्मलेल्या पिलांमध्ये मात्र बिघाड तोच असूनही गाठी खूपच कमी होतात. १९९३ मध्ये संशोधकांनी यामागचा एक जनुकीय भाग शोधला आणि त्याला ‘मॉम-१’ हे नाव दिलं.

युरेथेन या रसायनाने ‘ए/जे’ उंदरांना फुप्फुसात सहज गाठी होतात. सी५७बीएल/६ त्याला बऱ्यापैकी दाद देत नाही.

नेहमी जनुकंच कारणीभूत असतात का?

नाही. ‘सी३एच’ स्ट्रेनच्या माद्यांना स्तनांचा कॅन्सर मोठ्या प्रमाणावर व्हायचा. तो फक्त आनुवंशिक असावा असं वाटत होतं. पण १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी दाखवलं, की कॅन्सरला कारणीभूत असलेला एक घटक आईच्या दुधातून पिलांकडे जातो. पुढे तो विषाणू निघाला.

मग बातमी कशी वाचायची?

एका स्ट्रेनवरचा प्रयोग म्हणजे एका अर्थी एकाच व्यक्तीवर अनेकदा केलेला प्रयोग. माणसं मात्र एकमेकांपेक्षा वेगळी असतात. म्हणूनच आता आठ स्ट्रेनच्या संकरातून तयार केलेले, जनुकीय विविधता असलेले उंदीरही वापरले जातात.

त्यामुळे असा मेसेज पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी पाहा: प्रयोग कोणत्या स्ट्रेनवर झाला? दुसऱ्या स्ट्रेनमध्येही तोच निकाल आला का? माणसांवर चाचणी झाली आहे का? उत्तरं मिळाली नाहीत, तर तो शोध असेल, पण अजून उपचार नाही. आणि तोवर डॉक्टरांनी सुरू केलेले उपचार थांबवू नका.