सुपरमॅन (कार्टूनपटमाला, १९४१–४३)

अमेरिकेतील फ्लायशर स्टुडिओने सुरू केलेली आणि पॅरामाउंट कंपनीने चित्रपटगृहांत दाखवलेली १७ रंगीत लघुपटांची माला. प्रत्येक पट साधारण ८ ते १० मिनिटांचा आहे. मुख्य चित्रपटाबरोबर दाखवण्यासाठी केलेले हे पट नंतरच्या पिढ्यांनी पाहिले ते घरी बसून: आधी दूरचित्रवाणीवर, मग व्हिडिओ कॅसेट, डीव्हीडी आणि ब्लू-रेवर. या पटांच्या चांगल्या-वाईट प्रती इतक्या आहेत की कोणती हाती पडली, यावरच मालेविषयीचे मत ठरते.

जेरी सीगल आणि जो शूस्टर यांचा सुपरमॅन १९३८ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. तो लोकप्रिय होताच पॅरामाउंटने मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या बंधूंकडे त्याच्यावरील पटांची मागणी केली. डेव्ह यांना हे काम नको होते. नकार परस्पर यावा म्हणून त्यांनी एका पटाला सुमारे १ लाख डॉलर असा अवाच्या सवा आकडा सांगितला. पॅरामाउंटने घासाघीस करून पहिल्या पटाला सुमारे ५० हजार आणि पुढच्यांना सुमारे ३० हजार डॉलर दिले. नेहमीच्या कार्टूनपटाच्या मानाने हीही रक्कम मोठीच होती आणि ती पडद्यावर दिसते. पहिला पट २६ सप्टेंबर १९४१ रोजी प्रदर्शित झाला. त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. पुरस्कार मात्र डिस्नेच्या ‘लेंड अ पॉ’ला गेला. आवाज सुपरमॅनच्या नभोवाणी मालिकेतलेच होते: सुपरमॅन बड कॉलियर, वार्ताहर लोइस लेन जोन अलेक्झांडर.

पैसा कुठे गेला हे पाहायचे असेल तर दुसरा पट, ‘द मेकॅनिकल मॉन्स्टर्स’, पाहावा. एका शास्त्रज्ञाचे उडते यंत्रमानव शहर लुटतात. लोइस त्यातल्या एकाच्या पोटात शिरून थेट शास्त्रज्ञाच्या अड्ड्यावर पोहोचते. तिच्या अंगावर वितळलेल्या धातूचा लोट येतो तेव्हा सुपरमॅन आपला लाल झगा पसरून तिला आडोसा देतो. त्या काही क्षणांत चौकटीतला बाकीचा रंग जणू आटतो आणि उरतो तो तांबडा उजेड व काळ्या सावल्या. ही सावली हाच मालेचा खरा प्राण आहे. इमारती, यंत्रे, धूर यांना वजन येते ते तिच्यामुळे. क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, टेलिफोन बूथमध्ये कपडे बदलतो तेही याच पटात. सुरुवातीच्या चित्रकथांत सुपरमॅन लांब उड्या मारत असे. या पटांतून तो हळूहळू सरळ उडू लागतो.

पहिले ९ पट फ्लायशर स्टुडिओचे. १९४२ पर्यंत फ्लायशर बंधू बाहेर पडले आणि उरलेले ८ पट पॅरामाउंटच्या फेमस स्टुडिओजने केले. त्यांत अद्भुत यंत्रांच्या जागी बहुतांशी महायुद्ध आले. ‘जॅपोटर्स’मधील जपानी पात्रांचे चित्रण उघडउघड वंशद्वेषी आहे, आणि मालेचा इतिहास सांगताना ते झाकू नये. या पटांत रेखाटनाचा कस टिकला, पण कल्पनाशक्ती आटली.

पुढची हकिगत कायद्याची आहे. तेव्हाच्या अमेरिकी नियमाप्रमाणे २८ वर्षांनी स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करावे लागे. ते झाले नाही आणि सतराही पट सार्वजनिक मालकीचे झाले. सुपरमॅन हे पात्र मात्र मालकांकडेच राहिले. मग ज्याच्या हाती एखादी १६ मिमी प्रत होती त्याने कॅसेट काढली, आणि कॅसेटवरून दुसऱ्याने आणखी स्वस्त डीव्हीडी. या व्यवहाराने माला घरोघर जिवंत ठेवली, पण तिचे रंग विटवले, आणि सावल्यांचा नुसता काळा डाग केला.

पात्राची मालकी असलेल्या वॉर्नर कंपनीने २००६ मध्ये सुपरमॅनच्या चित्रपटसंचांबरोबर हे पट नीट करून दिले. २००९ मध्ये ते दोन डीव्हीडींच्या स्वतंत्र संचात आले. मुखपृष्ठावर १९४१–४२ असे असले तरी आत सतराही पट आहेत. २०२३ च्या ब्लू-रेकडून मोठी अपेक्षा होती, पण सफाईच्या भरात फिल्मचा दाणा (ग्रेन) पुसला गेला आणि त्याबरोबर बारीक रेषाही पुसट झाल्या. जुन्या फिल्मचा दाणा ही घाण नव्हे. चित्र त्यातच असते.

मालेचा प्रभाव दूरवर गेला. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या ‘कॅसल इन द स्काय’मधील (१९८६) यंत्रमानव आणि १९९२ च्या बॅटमॅन कार्टूनमालिकेतील काळोखे शहर यांची मुळे इथे आहेत. पहिल्यांदाच पाहणाऱ्याने २००९ चा संच मिळवावा, खोलीतला दिवा मालवावा आणि पहिले ९ पट क्रमाने पाहावेत.